नाण्यांचा हिशेब आणि समीकरणांची जोडी

दहावीच्या गणित भाग १ या पाठ्यपुस्तकाचे पहिलेच प्रकरण दोन चलांतील रेषीय समीकरणांचे आहे, आणि ज्या विद्यार्थ्यांपुढे तयार समीकरणे ठेवली असता ती सोडविताना त्यांची लेखणी कोठेही अडखळत नाही, तेच विद्यार्थी त्याच प्रकरणातील शाब्दिक उदाहरणांपाशी, आणि त्यातही नाण्यांच्या उदाहरणांपाशी, चिंताक्रांत होऊन बसतात, हे हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ आणि वसमत या पाचही तालुक्यांतील शिक्षकांच्या परिचयाचे असावे. अशा विद्यार्थ्याला बीजगणित येत नाही असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे आहे. त्याला बीजगणित येते. त्याला शिकविलेली नसते ती वाक्यातून समीकरण काढण्याची क्रिया, आणि ती क्रिया इतकी नियमबद्ध आहे की तिचे मर्म एकदा ध्यानात आले म्हणजे पुढचा सारा भाग केवळ बेरीज-वजाबाकीचा उरतो. प्रस्तुत लेख त्या विद्यार्थ्यासाठी आहे, आणि तितक्याच आस्थेने त्याच्या आईवडिलांसाठीही आहे. कारण ज्या घरात आठवडी बाजाराचा जमाखर्च रोज रात्री तोंडी मांडला जातो, त्या घरात या प्रकरणाची निम्मी सामग्री आधीच उपस्थित असते.

मर्म असे, की नाण्यांच्या प्रत्येक उदाहरणात एकच ढीग दोन निरनिराळ्या मापांनी मोजलेला असतो. एक माप नगांचे, दुसरे रकमेचे. नाणी किती आहेत हा एक प्रश्न, आणि ती सारी मिळून किती रुपयांची आहेत हा दुसरा. प्रत्येक प्रश्नाचे उत्तर एकेक वाक्य देते आणि प्रत्येक वाक्यातून एकेक समीकरण निघते. उदाहरणार्थ, एका मुलीच्या गल्ल्यात दोन रुपयांची व पाच रुपयांची मिळून ३७ नाणी आहेत आणि त्यांची एकूण रक्कम १२२ रुपये आहे, तर प्रत्येक प्रकारची नाणी किती, असा प्रश्न घेऊ. येथे पहिले काम अज्ञात राशींना नावे देण्याचे आहे, आणि या कामी जी हयगय होते तिच्यातून पुढच्या बहुतेक चुका जन्म पावतात. पुष्कळ विद्यार्थी वहीत ‘क्ष म्हणजे दोनाची नाणी’ एवढेच लिहितात. हे वाक्य अपुरे आहे, कारण त्यावरून क्ष ही नाण्यांची संख्या आहे की त्यांची किंमत आहे, याचा बोध होत नाही; आणि ज्याने हे निश्चित केले नाही तो दोन ओळींनंतर क्ष + य = १२२ असे लिहून मोकळा होतो, म्हणजे नगांची बेरीज करून तिच्यापुढे रुपये मांडतो. म्हणून विद्यार्थ्याने वाक्य पूर्ण लिहावे: दोन रुपयांच्या नाण्यांची संख्या क्ष मानू, पाच रुपयांच्या नाण्यांची संख्या य मानू. ‘संख्या’ हा शब्द गाळू नये.

आता नगांचे वाक्य आणि रकमेचे वाक्य अशी दोन समीकरणे एकाखाली एक मांडावीत, आणि खतावणीत जसा रकान्याचा मथळा असतो तसा प्रत्येक समीकरणाच्या बाजूला त्याचा मथळा लिहावा:

क्ष + य = ३७ (नग)
२क्ष + ५य = १२२ (रुपये)

हा मथळा लिहिण्याची शिस्त फार उपकारक आहे. ज्या समीकरणापुढे ‘रुपये’ लिहिले आहे त्यातील प्रत्येक पद रुपयांतच असले पाहिजे. क्ष हे नगांत आहे, म्हणून त्याला एका नगाच्या किमतीने, म्हणजे दोनाने, गुणल्याखेरीज ते रुपयांच्या रकान्यात बसू शकत नाही. विद्यार्थ्याला सहगुणक कोठून येतो हे पाठ करावे लागू नये. तो किमतीतून येतो, हे त्याला दिसावे.

उकल काढण्यापूर्वी आणखी एक काम आहे, जे पुस्तकात सहसा नसते आणि परीक्षेत गुण मिळवून देत नाही, परंतु हिशेबी माणसाला ते केल्यावाचून चैन पडत नाही. सर्व ३७ नाणी दोनाचीच असती तर रक्कम ७४ रुपये झाली असती. सर्व पाचाची असती तर १८५. दिलेली रक्कम १२२ ही या दोन मर्यादांच्या आत आहे, म्हणजे प्रश्न संभाव्य आहे. शिवाय ७४ च्या वर जे ४८ रुपये आहेत ते एकेक नाणे दोनाऐवजी पाचाचे ठरल्यामुळे, म्हणजे तीन-तीनच्या पायऱ्यांनी, वाढलेले आहेत. ४८ ला तीनाने निःशेष भाग जातो, म्हणून उत्तर पूर्णांकी येणार हेही निश्चित झाले. आणि हा विचार येथपर्यंत आणल्यावर ध्यानात येते की उत्तरही हाती आलेच आहे: ४८ भागिले ३ म्हणजे १६ नाणी पाचाची, उरलेली २१ दोनाची. बीजगणिताचा गंध नसलेल्या आईने किंवा आजोबांनी मुलाला ‘अरे, सगळी दोनाचीच असती तर किती झाले असते?’ एवढा एकच प्रश्न विचारला, तरी त्यांनी त्याला योग्य वाटेवर आणून सोडले असे होईल. एखादी राशी प्रथम कल्पून घ्यावी आणि मग वस्तुस्थितीशी ताडून ती सुधारावी, ही रीत आपल्या परंपरेत जुनी आहे. भास्कराचार्यांच्या लीलावती या ग्रंथातील इष्टकर्म याच कुळातील.

समीकरणांची क्रिया याहून वेगळे काही करीत नाही. पहिल्या समीकरणाला दोनाने गुणले म्हणजे २क्ष + २य = ७४, म्हणजेच ‘सगळी दोनाचीच असती तर’ हे वाक्य; ते दुसऱ्यातून वजा केले म्हणजे ३य = ४८. क्ष चा लोप करणे याचा व्यवहारातील अर्थ हाच, आणि तो अर्थ ज्याला उमगला त्याला कोणत्या समीकरणाला कशाने गुणावे हे दर वेळी आठवीत बसावे लागत नाही. क्रेमरच्या पद्धतीतही हेच अंक पुन्हा भेटतात. सहगुणकांचा निश्चयक (१ × ५) – (१ × २) = ३ येतो; क्ष चा निश्चयक (३७ × ५) – (१२२ × १) = ६३, य चा (१ × १२२) – (२ × ३७) = ४८; भागाकार अनुक्रमे २१ आणि १६. विद्यार्थ्याने येथे क्षणभर थांबून पाहावे, की तो ३ म्हणजे दुसरे तिसरे काही नसून पाच रुपये आणि दोन रुपये यांच्या किमतींतील अंतर आहे. या निरीक्षणाचा उपयोग आपल्याला पुढे एका कठीण जागी होणार आहे. आलेखाविषयी इतकेच, की काढलेल्या दोन रेषांवर असंख्य बिंदू असले तरी नाण्याचे अर्धे-पाव होत नसल्याने पूर्णांकी बिंदूंनाच येथे अर्थ आहे, आणि दोन्ही रेषांना समाईक असा बिंदू (२१, १६) हा एकच.

पडताळा मात्र कधीही टाळू नये, आणि तो समीकरणात न घेता मूळ शाब्दिक प्रश्नात घ्यावा. समीकरणच चुकीचे मांडले गेले असेल तर त्याच समीकरणात घेतलेला पडताळा ती चूक झाकून ठेवतो. २१ नाण्यांचे ४२ रुपये, १६ नाण्यांचे ८० रुपये, मिळून १२२. नग २१ आणि १६ मिळून ३७. प्रश्नातील दोन्ही वाक्ये खरी ठरली.

दुसऱ्या प्रकारच्या उदाहरणांत एकूण नग दिलेले नसतात, त्यांच्या ऐवजी दोन प्रकारांतील संबंध दिलेला असतो, आणि भाषेचे भान येथे सर्वाधिक लागते. पाच रुपयांची नाणी दहा रुपयांच्या नाण्यांच्या दुपटीहून ३ ने अधिक आहेत आणि एकूण रक्कम २७५ रुपये आहे, असे वाक्य घेतले तर अनेक विद्यार्थी शब्द ज्या क्रमाने कानावर पडतात त्याच क्रमाने अंक मांडीत जातात, आणि पाचाच्या नाण्यांच्या संख्येला दोनाने गुणून बसतात. अशा वेळी लेखणी उचलण्याआधी एकच प्रश्न स्वतःला विचारावा: अधिक कोणती नाणी आहेत? पाचाची अधिक आहेत, तेव्हा दहाच्या संख्येला दोनाने गुणून त्यात तीन मिळविल्यावर ती पाचाच्या संख्येइतकी होईल. पाचाची क्ष, दहाची य मानली तर क्ष = २य + ३, आणि ५क्ष + १०य = २७५. पहिल्यातील क्ष ची किंमत दुसऱ्यात घातली असता १०य + १५ + १०य = २७५, म्हणजे २०य = २६०, य = १३ आणि क्ष = २९. पडताळा: १४५ आणि १३० मिळून २७५, तेराची दुप्पट २६, त्याहून तीन अधिक २९. संबंधाच्या उदाहरणांत संशय आला की लहान संख्या घेऊन पाहावे. दहाची नाणी ५ असती तर पाचाची १३ असती, आपले समीकरण हेच सांगते का, एवढे तपासले तरी बाजू उलटण्याची चूक तत्काळ उघडी पडते.

अशा प्रश्नांना परकीय विद्येचे मानण्याचे कारण नाही. शके १०३६ मध्ये, म्हणजे इसवी सन १११४ मध्ये जन्मलेल्या भास्कराचार्यांनी ११५० मध्ये सिद्धान्तशिरोमणी रचला, त्यातील बीजगणित या भागात एकाहून अधिक अज्ञात राशी असलेल्या समीकरणांसाठी अनेकवर्णसमीकरण अशी स्वतंत्र योजना आहे. पहिल्या अव्यक्ताला यावत्तावत् आणि पुढच्यांना कालक, नीलक, पीतक अशी रंगांची नावे देऊन त्यांची आद्याक्षरे या, का, नी, पी ते वापरीत. आपण क्ष आणि य लिहितो ते याच रीतीने. त्यांच्या एका प्रसिद्ध उदाहरणाचा आशय असा, की दोन मित्रांपैकी एक म्हणतो, तू मला शंभर दिलेस तर माझ्याजवळ तुझ्या दुप्पट धन होईल. दुसरा म्हणतो, तू मला दहा दिलेस तर माझ्याजवळ तुझ्या सहापट होईल. तर मूळ धन किती? येथे खुबी अशी, की दिलेली रक्कम एकाच्या बाजूला मिळते आणि त्याच वेळी दुसऱ्याच्या बाजूतून वजा होते, आणि घाईचा विद्यार्थी नेमके हे वजा करणे विसरतो. पहिल्याचे क्ष, दुसऱ्याचे य मानून क्ष + १०० = २(य – १००) आणि य + १० = ६(क्ष – १०) ही समीकरणे मांडली म्हणजे पहिल्याचे ४० आणि दुसऱ्याचे १७० निघतात. लीलावतीच्या आरंभी वीस वराटकांची एक काकिणी, चार काकिणींचा एक पण, सोळा पणांचा एक द्रम्म आणि सोळा द्रम्मांचा एक निष्क असे कोष्टकही दिलेले आहे. चाळीसगावाजवळील पाटण येथे भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापिल्याचा, इसवी सन १२०७ च्या सुमाराचा शिलालेख आहे. तो काळ देवगिरीच्या यादवांचा, आणि आपला हा प्रदेशही त्याच यादवांच्या अमलाखाली होता.

परंतु दोन समीकरणांची खरी निकड आपल्या भागातील माणसांना ज्या व्यवहारात भासली असेल तो त्याहून पुष्कळच अलीकडचा आहे. हिंगोली निजामाच्या मुलखात होती आणि येथे हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती. पैनगंगेपलीकडे वाशीम आणि पुसदचा वऱ्हाड १८५३ च्या तहाने इंग्रजी अमलात गेलेला. अलीकडे चारमिनाराची मुद्रा असलेला हाली रुपया चाले, पलीकडे बादशहाच्या मुखवट्याचा कलदार. आणि जो व्यापारी सरकी, कापूस किंवा जनावरे घेऊन सीमा ओलांडून जाई-येई, त्याच्या कशात, म्हणजे पैशांच्या पिशवीत, दोन्ही प्रकारचे रुपये मिसळलेले राहत. दोघांची किंमत सारखी नव्हती. सराफाकडे हालीवर बट्टा कापला जाई, आणि तो बट्टा काळमानाप्रमाणे कमीजास्त होई. हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाल्यानंतरच्या स्थित्यंतरात सात हाली रुपयांना सहा कलदार हा भाव धरण्यात आला. ज्या घरातील वृद्धांनी हा काळ प्रत्यक्ष पाहिला किंवा वडिलांच्या तोंडून ऐकला, त्या घरातील मुलाने त्यांच्याजवळ बसून पुढचे उदाहरण सोडवावे, असे मनापासून वाटते.

एका कशात हाली आणि कलदार मिळून ६० रुपये आहेत. सातास सहा या भावाने ते सर्व कलदारात मोजले तर ५४ होतात. हाली किती आणि कलदार किती? हाली रुपयांची संख्या क्ष, कलदार रुपयांची य मानू. नगांचे समीकरण क्ष + य = ६०. रकमेच्या समीकरणात प्रत्येक हाली रुपयाची किंमत सहा सप्तमांश कलदार आहे, म्हणून क्ष ला ६/७ ने गुणावे लागेल; अपूर्णांक नको असेल तर सर्व समीकरणाला सातने गुणून ६क्ष + ७य = ३७८ असे लिहावे. पहिल्याला सातने गुणले की ७क्ष + ७य = ४२०, आणि वजाबाकीने क्ष = ४२; म्हणजे हाली ४२, कलदार १८. जुना मुनीम हा हिशेब तोंडीच करील: नग साठ आणि कलदारी रक्कम चोपन्न, सहाची तूट आली, प्रत्येक हाली रुपया एक सप्तमांश कलदाराने उणा, तेव्हा सहाची तूट बेचाळीस हाली रुपयांनीच पडू शकते.

आता कोणी म्हणेल, याच कशाची रक्कम हालीतही सांगितलेली असती तर आणखी सोयीचे झाले असते. ते करून पाहू. १८ कलदारांचे २१ हाली होतात, म्हणून हालीत एकूण रक्कम ४२ + २१ = ६३. समजा प्रश्नात नग दिलेच नाहीत, केवळ एवढेच दिले की कसा कलदारात ५४ चा आणि हालीत ६३ चा आहे. दोन वाक्ये मिळाली, दोन अज्ञात आहेत, तेव्हा उत्तर निघाले पाहिजे असे वरवर पाहता वाटते. कलदारी वाक्याला सातने गुणले असता ६क्ष + ७य = ३७८ मिळते. हाली वाक्य क्ष + (७/६)य = ६३; त्याला सहाने गुणले असता पुन्हा ६क्ष + ७य = ३७८. दोन्ही वाक्ये एकच निघाली, आणि ४२ हालींऐवजी ३५ हाली व २४ कलदार धरले तरी दोन्ही वाक्ये तितकीच खरी ठरतात. एका मापातली रक्कम दुसऱ्या मापात सांगणे हा केवळ अनुवाद आहे, त्याने ज्ञानात भर पडत नाही. दोन अज्ञातांसाठी दोन समीकरणे लागतात हा नियम प्रत्येक विद्यार्थी सांगतो. ती दोन समीकरणे परस्परांपासून स्वतंत्र असली पाहिजेत ही त्याची दुसरी बाजू मात्र सहसा पाठांतरातून गळते, आणि माझ्या मते या संपूर्ण प्रकरणात शिकण्याजोगी सर्वांत मोलाची गोष्ट हीच आहे.

आजच्या नाण्यांतही तिचे उत्तम उदाहरण सापडते. १९९२ पासून चलनात आलेले पाच रुपयांचे जाड, पांढरे नाणे आणि २००९ च्या सुमारास आलेले पातळ, पिवळसर नाणे, दोन्हींचा व्यास २३ मिलिमीटर. समजा एका डब्यात या दोन्ही प्रकारची मिळून ५० नाणी आहेत आणि रक्कम २५० रुपये आहे. नगांचे समीकरण क्ष + य = ५०, रकमेचे ५क्ष + ५य = २५०; दुसऱ्याला पाचाने भागले की पहिलेच परत येते. मघाशी निश्चयकाविषयी जे निरीक्षण केले ते येथे उपयोगी पडते: निश्चयक हे दोन नाण्यांच्या किमतींतील अंतर, आणि किमती समान झाल्या की निश्चयक शून्य, शून्याने भागणे अशक्य, म्हणून उकल अनिश्चित. रुपयांनी हा प्रश्न कधीही सुटणार नाही. परंतु जाड नाण्याचे वजन ९ ग्रॅम आणि पातळ नाण्याचे ६ ग्रॅम आहे; डबा रिकामा करून नाणी तराजूत टाकली आणि ती ३६६ ग्रॅम भरली, तर ९क्ष + ६य = ३६६ हे खरोखर नवे वाक्य मिळाले. सर्व पातळ असती तर ३०० ग्रॅम; वरचे ६६ ग्रॅम तीन-तीनने वाढले, म्हणून जाड २२ आणि पातळ २८. शाळेत विज्ञानाचा साधा तराजू असेल तर हा प्रयोग शिक्षकांनी वर्गात अवश्य करावा. घासून झिजलेल्या नाण्यांमुळे ग्रॅम-अर्ध्या ग्रॅमचा फरक पडेल, पण मुलांच्या हातांनी मोजलेले वजन समीकरणात उतरून खरे उत्तर देते, हा अनुभव फळ्यावरील दहा उदाहरणांहून खोल रुजतो.

एककांविषयी एक सूचना आवश्यक आहे. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी येईपर्यंत रुपयाचे सोळा आणे असत, आणि त्या काळची उदाहरणे सोडविताना सर्व रक्कम प्रथम आण्यांत आणावी लागे. दोन आण्यांची चवली आणि चार आण्यांची पावली मिळून ३० नाणी, रक्कम पाच रुपये चार आणे, असे असेल तर प्रथम ८४ आणे करून मग २क्ष + ४य = ८४ लिहावे; चवल्या १८, पावल्या १२ निघतील. आज आण्यांचा प्रश्न नाही, तथापि पन्नास पैशांचे नाणे कायद्याने अद्याप चलनात आहे (पंचवीस पैसे आणि त्याखालील नाणी ३० जून २०११ पासून बंद झाली), आणि पुस्तकांतील उदाहरणांतही ते येते. पन्नास पैशांची आणि एक रुपयाची मिळून ४० नाणी, रक्कम २९ रुपये, असे उदाहरण घेऊन ५०क्ष + य = २९ असे मांडणारा विद्यार्थी एका पदात पैसे, दुसऱ्यात रुपये, अशी सरमिसळ करतो. समीकरणाच्या बाजूला मथळा लिहिण्याची सवय असेल तर हे घडत नाही: मथळा ‘पैसे’ असेल तर ५०क्ष + १००य = २९००, किंवा सर्वांना ५० ने भागून क्ष + २य = ५८. पन्नास पैशांची २२, रुपयाची १८.

तीन प्रकारची नाणी आणि दोनच वाक्ये असतील तर काय, हा प्रश्न हुशार विद्यार्थी हमखास विचारतो आणि त्याला ‘अभ्यासक्रमात नाही’ असे उत्तर देऊन बसवू नये. एक, दोन आणि पाच रुपयांची मिळून १२ नाणी, रक्कम ३० रुपये, प्रत्येक प्रकारचे निदान एक नाणे आहे. सर्व रुपयाची असती तर १२ रुपये. वरचे १८ रुपये दोनाच्या नाण्यामागे एक आणि पाचाच्या नाण्यामागे चार याप्रमाणे आले. पाचाची ४ धरली तर दोनाची २ आणि रुपयाची ६. पाचाची ३ धरली तर दोनाची ६ आणि रुपयाची ३. पाचाची २ धरली तर दोनाची १० होऊन रुपयाला जागाच उरत नाही. आणि पाचाचे एकच धरले तर दोनाची १४ लागतील, जी एकूण नगांहूनही अधिक. उत्तरे दोन, आणि दोन्ही तितकीच बरोबर. कुट्टक नावाने आपल्या प्राचीन गणितज्ञांनी ज्या शास्त्राचा विस्तार केला, त्याचे दार येथे किलकिले होते. दहावीच्या विद्यार्थ्याने आत डोकावून पाहावे एवढेच पुरे.

शेवटी सरावाविषयी. पुस्तकातील उदाहरणे संपली म्हणजे नवी उदाहरणे स्वतः तयार करावीत, आणि ती उत्तरापासून उलट दिशेने करावीत. प्रथम नग ठरवावेत, त्यांवरून एकूण संख्या व रक्कम काढावी, मग नग लपवून प्रश्न भावंडाला किंवा मित्राला घालावा. हालीचे उदाहरण करताना हालींची संख्या सातच्या पटीत घ्यावी म्हणजे अपूर्णांक येत नाहीत. अशाच रीतीने बनविलेले एक उदाहरण वाचकांसाठी देतो: एका कशात हाली आणि कलदार मिळून ४३ रुपये असून ते सारे कलदारात मोजले असता ३९ होतात, तर हाली किती? आणि त्याच कशातून सात हाली काढून सराफाकडून त्यांचे कलदार करून आणले, तर नग किती राहतील, रक्कम किती राहील, आणि बदललेल्या कशासाठी नवी दोन समीकरणे कोणती? हे सर्व प्रश्न प्रथम तोंडी करावेत, मग वहीत मांडावेत, आणि दोन्ही उत्तरे न जुळल्यास चूक समीकरणांच्या उकलीत शोधण्याआधी क्ष म्हणजे काय असे आपण लिहिले होते, ती पहिली ओळ पुन्हा वाचावी.